गरोदरपणात पायांच्या नसा फुगू नयेत म्हणून: घरातली, वावरातली आणि उन्हाळ्यातली काळजी

संध्याकाळी भाकरी टाकून उठताना पोटऱ्या जड झालेल्या असतात, घोट्यावर पैंजणाचा वळ उमटलेला असतो आणि गुडघ्यामागे किंवा मांडीच्या आतल्या अंगाला निळसर, वेडीवाकडी नस वर आलेली दिसते. घरात विचारलं तर बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. "गरोदरपणात असं होतंच," नाहीतर "आता कामं सोड आणि पडून राहा." पहिल्या उत्तराने हातातले महिने निघून जातात. दुसऱ्याने पोटरीचा पंप बंद पडतो, आणि पायातलं रक्त वर चढवायला तोच तर लागतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आईच्या, मावशीच्या पायांवर अशा नसा असतील, किंवा हे दुसरं-तिसरं बाळंतपण असेल, तर सगळी काळजी घेऊनही एखादी नस फुगू शकते. तो तुमचा दोष नाही. पण नस किती फुगेल, पाय किती ठणकतील, सूज राहील की रात्रीत उतरेल आणि बाळंतपणानंतर पाय किती पूर्ववत होतील, यातलं बरंच काही रोजच्या सवयींवर ठरतं.

रक्त वर कसं चढतं

विहिरीतल्या मोटारीच्या पाइपला खाली फुटव्हॉल्व्ह असतो. तो गळका झाला की मोटार बंद होताच पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. पायांच्या शिरांमध्येही अशा बारीक झडपा ठिकठिकाणी असतात. पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकललं जातं, स्नायू सैल झाला की झडप मिटते आणि रक्त खाली येत नाही. मोटार म्हणजे पोटरी आणि फुटव्हॉल्व्ह म्हणजे झडप, एवढं लक्षात ठेवलं तर पुढची प्रत्येक सूचना का दिली आहे ते आपोआप कळेल.

गरोदरपणात या व्यवस्थेवर तिहेरी ताण येतो. अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि आठव्या महिन्याच्या सुमारास ते सर्वात जास्त असतं. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक पहिल्या महिन्यांपासूनच शिरांच्या भिंती सैल करतं. भिंत ताणली गेली की झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना भिडत नाहीत आणि रक्त गळून खाली साचतं. पोट दिसायच्या आधीच, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काहींच्या नसा फुगतात त्या यामुळे. आणि पाचव्या महिन्यानंतर वाढलेली गर्भपिशवी पाठीच्या कण्याच्या उजव्या बाजूने जाणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देते, त्यामुळे वरचा रस्ताच अरुंद होतो.

आता आकडे पाहा. एका जागी स्थिर उभं राहिलं की घोट्यापाशी शिरेतला दाब ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका असतो. चालायला लागलं की आठ-दहा पावलांतच तो निरोगी पायात ३० च्या खाली येतो. थांबलात की मिनिटभराच्या आसपास पुन्हा चढतो. म्हणून उभं राहणं वाईट नाही, न हलता उभं राहणं वाईट. दिवसभर घरात फिरणाऱ्या बाईपेक्षा दोन तास ओट्यापुढे खिळून उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय जास्त ठणकतात.

तिसऱ्या महिन्यातच पाय तपासून ठेवा

माता-बाल संरक्षण कार्ड काढता तेव्हाच पायांची ही तपासणी घरी करून टाका. सकाळी उजेडात दोन मिनिटं उभं राहा आणि नवऱ्याला किंवा जावेला पाय पाहायला सांगा: मांडीची आतली बाजू, गुडघ्याची मागची बाजू, पोटरी, घोट्याभोवती. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-जांभळ्या रेषा दिसल्या तर काळजी नाही. सुतळीसारखी वर आलेली, बोटाने दाबली की सपाट होणारी आणि सोडली की पुन्हा भरणारी नस दिसली तर ती व्हेरिकोज. ती तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवा. साडी किंवा गाऊन वर करून पाय दाखवायला संकोच वाटतो आणि डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही, म्हणून तुम्हीच सांगा.

मग शिंपीकामाची कापडी टेप घ्या. घोट्याच्या हाडाच्या दोन बोटं वर, जिथे पाय सर्वात बारीक आहे, तिथलं माप आणि पोटरी जिथे सर्वात जाड आहे तिथलं माप, दोन्ही पायांचं लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा सकाळी आणि त्याच दिवशी रात्री पुन्हा मोजा. रात्रीचं माप थोडं वाढणं स्वाभाविक आहे. सकाळीही सूज उतरलेली नसेल तर उपाय अपुरे पडत आहेत. आणि एका पोटरीचं माप दुसरीपेक्षा अचानक २ सेंटिमीटर किंवा अधिक वाढलं तर त्याचा अर्थ वेगळा आहे, तो पुढे येईल.

पोटरीची मोटार चालू ठेवा

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक.

बसून किंवा पडून: पाय सरळ ठेवा, पंजा स्वतःकडे ओढा, मग पुढे ढकला. ताल संथ, एका वेळी २० ते ३० वेळा. जागेपणी दर तासाला एकदा. पुढे ढकलताना पंजा फार ताणला तर पोटरीत गोळा येतो, गरोदरपणात तर हमखास. म्हणून पुढे हलकेच आणि स्वतःकडे ओढताना जोर, असं करा. गोळा आलाच तर पंजा हाताने स्वतःकडे ओढून धरा, अर्ध्या मिनिटात सुटतो.

उभ्याने: ओट्याला किंवा भिंतीला हात टेकवा, दोन्ही टाचा उचला, दोन अंक मोजा, सावकाश खाली आणा. १० ते १५ वेळा, दिवसातून तीन-चारदा. टाच धाडकन खाली आपटली तर स्नायू नीट आवळत नाही आणि श्रम फुकट जातात. सातव्या महिन्यानंतर तोल बदललेला असतो, तेव्हा हात टेकवल्याशिवाय हे करू नका. ओल्या मोरीत तर मुळीच नाही.

चालणं: रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. वेग असा असावा की चालताना बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच. चालताना चप्पल मागे पट्टा असलेली घाला. सैल रबरी स्लिपर बोटांनी धरून ठेवावी लागते, पाऊल टाचेकडून पंज्याकडे मोकळं पडत नाही आणि पोटरी अर्धवटच काम करते. उंच टाचेच्या सँडलमध्येही तेच होतं. इंचभर टाच पुरे.

घरी झोका असेल तर त्याचा उपयोग करून घ्या. पाऊल जमिनीला टेकवून पंज्याने हलके रेटे देत बसलं की पोटऱ्या आपोआप आवळतात. मात्र पाय अधांतरी लोंबकळत ठेवून तासभर बसलं तर उलटा परिणाम: झोक्याच्या फळीची कड मांडीच्या मागून शिरा दाबते. डोहाळजेवणात हमखास हेच घडतं. नटवून सजवून दोन-तीन तास बसवतात आणि रात्री पाय फुगून येतात. पायांखाली एक पाट ठेवा आणि ओटी भरायला येणाऱ्यांच्या मधे पाच मिनिटं उठून अंगणात फेरी मारू द्या. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आलेल्या गरोदर लेकीने मात्र झाडाच्या उंच झोक्यावर बसू नये. तिथे प्रश्न नसांचा नाही, पडण्याचा आहे.

काम थांबवायचं नाही, कामाची पद्धत बदलायची

ओट्यापुढे: एक पाट ओट्याखाली ठेवा. एक पाय त्यावर टेकवून उभं राहा, दर पाच मिनिटांनी पाय बदला. भाजी निवडणं, लसूण सोलणं, कणीक मळणं ही कामं खुर्चीवर बसून, पाय समोरच्या स्टुलावर ठेवून होतात. ती उभ्याने करण्यात काही फायदा नाही.

चुलीपुढे किंवा खाली बसून भाकरी करणाऱ्या बाईची अडचण वेगळी. मांडी घालून किंवा उकिडवं बसलं की गुडघ्यामागची आणि जांघेतली शीर मुडपते, भरलेल्या पोटाचा दाब वरून येतो आणि चुलीची धग समोरून पायांना लागते. उष्णतेने शिरा आणखी सैलावतात. पाटावर बसा, एक पाय लांब सोडा, दर तीन-चार भाकरींनंतर पाय बदला आणि १५-२० मिनिटांपेक्षा जास्त वेळ सलग बसू नका.

उन्हाळ्यातलं वाळवण हा खान्देशातल्या बायकांचा खरा परीक्षेचा काळ. बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजवत घाटायला पहाटेपासून चुलीपुढे उभं राहायचं, मग तापलेल्या गच्चीवर वाकून थापायचं. मातीच्या खापरावरच्या पुरणपोळ्या करतानाही तासन्‌तास धगीपुढेच जातात. सहाव्या महिन्यानंतर घाटणं आणि खापर दुसऱ्या कुणाकडे द्या. पापड लाटण्याचं काम सावलीत, पाय लांब करून, तासाभराच्या टप्प्यांनी जमू शकतं. सासूबाईंना हे ऐकायला पटत नसेल तर त्यांना तपासणीच्या दिवशी सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातलं बोलणं सोपं होतं.

वावरात: कापूस वेचताना कमरेला बांधलेली झोळी भरत जाते तसा तिचा भार पोटाखाली आणि जांघेवर येतो. झोळी तीन-चार किलोच्या वर जाऊ देऊ नका, जास्त खेपा परवडतील. शक्य असेल तर ती खांद्यावरून तिरकी घ्या. वेचणीत निदान चालणं तरी होतं. निंदणी जास्त त्रासाची, कारण तिथे उकिडवं बसूनच पुढे सरकावं लागतं. एक ओळ संपली की उभं राहा, दहा वेळा टाचा उचला, मग दुसरी ओळ धरा. पाण्याचा हंडा, चाऱ्याचा भारा किंवा गाठोडं श्वास रोखून उचललं की पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो थेट पायांच्या शिरांवर उलटतो. त्यामुळे जड उचलणं टाळाच. हलकं काही उचलतानाही श्वास सोडत उचला.

शाळेत शिकवणाऱ्या, दुकानात काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या, शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायकांनी मोबाइलवर ४५ मिनिटांचा गजर लावावा. गजर झाला की टाचांचा एक फेरा आणि ३० पावलं. शिलाई मशीन पायडलचं असेल तर पोटरी चालतेच, मोटरचं असेल तर ती थांबलेली असते.

पाय वर घेणं आणि झोपणं

दिवसातून तीनदा, १५ मिनिटं, पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर. खुर्चीवर बसून पाय स्टुलावर ठेवले तर आराम मिळतो, पण ते पाय हृदयाच्या वर जात नाहीत. पडायलाच हवं. पाचव्या महिन्यानंतर मात्र उताणं पडून पाय भिंतीला लावू नका. पिशवीचा भार त्या मोठ्या शिरेवर पडतो, चक्कर येते, घाम फुटतो आणि बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो. त्याऐवजी डाव्या कुशीवर झुका, उजव्या नितंबाखाली घडी घातलेली चादर किंवा पातळ उशी द्या आणि दोन्ही पोटऱ्यांखाली दोन उशा. उशी फक्त टाचेखाली ठेवली तर गुडघा मागे ताणला जातो. ती गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लांबीने असावी.

रात्री डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मधे उशी. मोठी शीर उजव्या बाजूला असल्याने डावी कूस तिला सर्वात मोकळी ठेवते. रात्रभर एकाच कुशीवर राहणं कुणालाच जमत नाही. उजवी कूसही चालते. जाग आली तेव्हा उताण्या झालेल्या दिसलात तर घाबरू नका, फक्त वळा.

पलंग किंवा बाज पायथ्याकडून वर उचलायची असेल तर दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवा, साधारण सहा इंच उंची मिळते. बाज मधोमध झोळ पडलेली असेल तर आधी दावण आवळून घ्या. झोळ पडलेल्या बाजेत कंबर खाली जाते, जांघेत घडी पडते आणि विटांचा काही फायदा राहत नाही. छातीत जळजळ होत असेल तर उतारामुळे ती वाढते. तेव्हा विटा काढा आणि पायांखाली फक्त उशा ठेवा, जेवण आणि झोप यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

दाबमोजे

मोज्यांबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. मोजे घातले म्हणून नवी नस फुगणारच नाही असं नाही. पण ते जडपणा, ठणका आणि सूज निश्चित कमी करतात, म्हणून ज्यांना आधीच्या खेपेला त्रास झाला किंवा ज्यांचं उभ्याचं काम आहे त्यांनी पोट मोठं होण्याआधीच सुरू करावेत. गरोदरपणात बहुतेकींना गुडघ्याखालचे, १५ ते २० एमएमएचजी (मिलिमीटर पारा) दाबाचे मोजे पुरतात. त्यापेक्षा जास्त दाबाचे डॉक्टरांनी सांगितल्यावरच. मांडीपर्यंतचे मोजे उन्हाळ्यात घसरतात आणि त्यांची वळकटी मांडीला करकचून बसते. मांडीच्याच नसा फुगल्या असतील तरच ते घ्या.

मेडिकलवाल्याने पायाकडे पाहून "मीडियम बसेल" म्हणून दिलेले मोजे घेऊ नका. सकाळी उठल्या उठल्या, सूज चढण्याआधी, घोट्याचं आणि पोटरीचं माप घ्या. गुडघ्याच्या घडीपासून जमिनीपर्यंतची लांबीही मोजा. खोक्यावरच्या तक्त्याशी ही मापं जुळवून घ्या. जोडवी असतील तर बोटं उघडी राहणारे मोजे घ्या, म्हणजे जोडवी अडकून धागा निघत नाही आणि बोटांचा रंगही पाहता येतो.

घालण्याची पद्धत अशी:

१. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडण्याआधी घाला. उठून अंघोळ करूनच घालायचे असतील तर अंघोळीनंतर १०-१५ मिनिटं पाय वर ठेवून पडा, मग घाला.

२. पाय कोरडा करा. नखं कापलेली हवीत, टाचेच्या भेगांना रात्रीच तेल किंवा व्हॅसलीन लावलेलं हवं, नाहीतर धागा ओढला जातो.

३. मोजात हात घालून टाचेचा भाग पकडा आणि टाचेपर्यंत मोजा उलटा करा.

४. पंजा आत सरकवा, मोजाची टाच तुमच्या टाचेवर नेमकी बसवा. ती घोट्यावर चढली तर दाब चुकीच्या जागी पडतो.

५. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला आणि तळव्याने थोडा थोडा वर सरकवा. वरची कड धरून ओढू नका.

६. सुरकुत्या पुसून काढा. वरची कड गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटं थांबली पाहिजे. लांब वाटला म्हणून कड दुमडू नका. दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होतो आणि मोजा पायाला बांधलेल्या दोरीसारखं काम करतो.

आठव्या महिन्यात वाकताच येत नाही. तेव्हा हे काम नवऱ्याने करायचं, दोन दिवसांत हात बसतो. रात्री झोपताना काढायचे. दोन जोड ठेवा, कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. जळगावच्या उन्हात वाळवलेल्या मोज्यांचं रबर फार लवकर ढिलं पडतं. रोज वापरले तर साधारण सहा महिन्यांनी जोड बदलावा लागतो.

बोटं निळी, पांढरी, गार पडली किंवा मुंग्या आल्या तर मोजे लगेच काढा. पायांवर जखम किंवा चिघळलेला इसब असेल, मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल, तर विचारल्याशिवाय घालू नका.

मोजे परवडत नसतील तर १० सेंटिमीटर रुंदीची क्रेप बँडेज चालते, पण ती बांधणं शिकून घ्यावं लागतं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून एकदा बांधून घेऊन पाहा. बोटांच्या मुळापासून सुरुवात, टाच झाकलेली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा, घोट्यापाशी सर्वात घट्ट आणि वर जाताना सैल. नस फुगली आहे तेवढ्याच जागी पट्टी गुंडाळणं ही नेहमीची चूक, त्याने खालचं रक्त अडकून पाऊल सुजतं. पायात बांधलेल्या काळ्या दोऱ्यालाही हाच नियम लावा: त्याखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पैंजण आणि जोडवी सातव्या महिन्यात सैल करून घ्या. सुजलेल्या बोटातून जोडवं निघेनासं झालं की ते कापावं लागतं. परकराची नाडीही पोटाखाली करकचून बांधू नका, रुंद इलॅस्टिकचा परकर घ्या.

पोट साफ राहणं

कुंथण्याचा आणि पायांच्या नसांचा संबंध अनेकींच्या लक्षात येत नाही. कुंथताना पोटातला दाब खालच्या सगळ्या शिरांवर जातो. मूळव्याध आणि मायांगाजवळच्या फुगलेल्या नसा यानेच वाढतात. गरोदरपणात आतडी मंद होतात, त्यात लोहाच्या गोळीने शौचाला घट्ट होते. म्हणून गोळी बंद करायची नाही. सरकारी कार्यक्रमात मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ती चौथ्या महिन्यापासून रोज घ्यायची असते. चहासोबत, दुधासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. मधे दोन तास सोडा. फारच त्रास होत असेल तर आशाताईंना सांगा, गोळी बदलून मिळू शकते.

आहारात फार शोधाशोध करावी लागत नाही, आपल्याकडचं जुनं जेवणच या कामाचं आहे. दादरची (रब्बी ज्वारीची) किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, सालासकट मूग, मेथी-पालक, भरताची वांगी, पेरू, पपई पिकलेलीच, आणि केळी. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी घरचीच. नीट पिकलेली, ठिपके पडलेली खा, अर्धकच्चं केळं उलट बांधून ठेवतं. पाणी दिवसाला अडीच ते तीन लिटर, वैशाखात त्याहून जास्त. लघवी फिकट पिवळी दिसली की पाणी पुरेसं समजा. एवढ्यानेही जमलं नाही तर डॉक्टरांना विचारून रात्री एक-दोन चमचे इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्यातून. कमी पाण्यात घेतलेलं इसबगोल आतच घट्ट बसतं.

मीठ बंद करायची गरज नाही. फक्त रोजचे पापड, लोणचं आणि बाहेरची शेवभाजी कमी करा, त्यांतलं मीठ सूज वाढवतं. वजन एकूण १० ते १२ किलो वाढणं बहुतेकींना पुरेसं असतं. मुळात बारीक असलेल्या बाईला जास्त चालतं, आधीच वजन असलेल्या बाईला कमी. "दोघांचं खा" या आग्रहातून आलेले जादा किलो पायांनाच वाहावे लागतात.

पारा ४४-४५ वर असताना

उष्णतेत शरीर त्वचेकडे रक्त पाठवतं, शिरा पसरतात. म्हणून जानेवारीत न दिसणारी नस मे महिन्यात वर येते. बारा तास मोजे घालून राहा असं उन्हाळ्यात सांगणं व्यवहार्य नाही. सकाळी उठल्यापासून स्वयंपाक आटोपेपर्यंत घाला, भर दुपारी काढा आणि पाय वर घेऊन पडा, संध्याकाळच्या उभ्या कामाला पुन्हा घाला. अर्धवेळ घातलेले मोजे कपाटात ठेवलेल्या मोज्यांपेक्षा नक्कीच कामाचे. अंघोळीचं पाणी कोमट, आणि शेवटी घोट्याकडून गुडघ्याकडे दोन तांबे गार पाणी. संध्याकाळी पोटरीपर्यंत पाय बुडतील अशा बादलीत माठाइतक्या गार पाण्यात १० मिनिटं पाय ठेवले तर ठणका चांगला उतरतो. त्या वेळी पाण्यातच पंजे हलवत राहा. बर्फ थेट लावू नका.

सुरतेहून नंदुरबार-अमळनेरकडे माहेरी येणाऱ्या लेकींसाठी: रेल्वेने या. एसटीत पाय लांब करता येत नाहीत, गाडीत उठून चालता येतं. दर तासाला डब्यात एक फेरी, बसल्या जागी पंजे वर-खाली, पाण्याची बाटली सोबत. शौचालयाच्या भीतीने पाणी न पिणं ही प्रवासातली सर्वात मोठी चूक, रक्त घट्ट होतं. चारचाकीने येत असाल तर दीड-दोन तासांनी थांबून पाच मिनिटं चाला.

हे करू नका

फुगलेल्या नसेवर जोराने मालीश करू नका. तळव्यापासून गुडघ्याकडे हलक्या हाताने तेल लावणं ठीक आहे, पण नस "बसवण्यासाठी" अंगठ्याने रगडणं धोक्याचं. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. नसांसाठीच्या गोळ्या आणि दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या पाचव्या महिन्यानंतर बाळाला घातक ठरू शकतात. लेसर, इंजेक्शन, शस्त्रक्रिया हे गरोदरपणात करत नाहीत. कुणी करून देतो म्हणालं तर नकार द्या.

मायांगाजवळच्या नसा फुगल्या असतील तर लाजेने गप्प राहू नका. घट्ट, आधार देणारी निकर, सुती कापडात गुंडाळलेली गार पट्टी आणि कुशीवर पडणं यांनी आराम मिळतो. नुसत्या या नसांमुळे सहसा सिझेरियन करावं लागत नाही, पण बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना आधी माहीत असलेलं बरं.

तातडीने दवाखाना कधी

एकच पाय अचानक सुजला, पोटरी किंवा मांडी दुखते, गरम लागते, लालसर दिसते: खोल शिरेत गुठळी असू शकते. गरोदरपणात ती डाव्या पायात जास्त होते आणि पूर्ण मांडी दुखण्यापासूनही सुरुवात होते. त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफीची (शिरांतला रक्तप्रवाह पाहणारी तपासणी) सोय असलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी जा. मालीश, शेक, बँडेज काही नको. त्यात धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

फुगलेली नस दोरीसारखी कडक, लाल आणि दुखरी झाली तर तीही त्याच दिवशी दाखवा. नस फुटून रक्त आलं तर धार मोठी दिसते आणि घरचे घाबरतात. बाईला लगेच आडवं करा, पाय वर उचलून धरा, स्वच्छ कापडाने नेमक्या जागी १० मिनिटं न उचलता दाबा, मग दवाखान्यात न्या. उभं ठेवलं तर रक्त थांबत नाही. वर दोरी बांधू नका.

दोन्ही पायांबरोबर चेहरा आणि हात सुजले, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर नसांचा विचार बाजूला ठेवा आणि रक्तदाब मोजून घ्या. तो १४०/९० किंवा वर असेल तर तो वेगळा आणि गंभीर आजार असू शकतो. एरवी, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते, त्या दिवशी पाय दाखवून घ्या.

बाळंतपणानंतरचा सव्वा महिना

गुठळीचा धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत सर्वात जास्त असतो आणि सिझेरियन झालेलं असेल तर आणखी. नेमकं याच काळात बाळंतिणीला बाजेवरून हलू देत नाहीत, बाजेखाली शेगडी ठेवतात, कढत पाण्याने अंघोळ घालतात आणि पाणी मोजून देतात. विश्रांती हवीच. पण न हलणं, उष्णता आणि कमी पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की रक्त साचायला आणि गोठायला वाव मिळतो. साधं बाळंतपण झालं असेल तर पहिल्याच दिवशी, सिझेरियन असेल तर डॉक्टरांनी परवानगी देताच, बहुधा २४ तासांच्या आत, आधाराने चालायला सुरुवात करा. बाजेवर असताना पंजे वर-खाली करणं तासाला चालूच ठेवा. शेक पाठ-कंबरेला घ्या, पायांच्या फुगलेल्या नसांना नको. पाणी तहानेप्रमाणे, आणि अंगावर पाजत असाल तर प्रत्येक वेळी एक ग्लास. मोजे निदान सहा आठवडे चालू ठेवा.

बहुतेकींच्या नसा तीन-चार महिन्यांत बऱ्याच उतरतात, काहींना वर्षही लागतं. वर्ष उलटूनही नस तशीच असेल, घोट्याजवळची कातडी काळवंडली असेल, खाज सुटत असेल किंवा जखम भरत नसेल, तर पुढच्या बाळंतपणाचा विचार करण्याआधी शिरांचं काम करणाऱ्या सर्जनला दाखवून डॉपलर करून घ्या.